चेहऱ्यावरची लाली : इसब की रोझेशिया?

गाल लाल झाले, आग होऊ लागली, बारीक पुटकुळ्या आल्या की बहुतेक घरांत आधी उरलेली ट्यूब शोधली जाते. शेजारणीला गुण आला म्हणून तिचे मलम आणले जाते, किंवा औषध दुकानात "खाजेचे मलम द्या" असे सांगितले जाते. जव्हार-मोखाड्यात हे समजण्यासारखे आहे. दवाखान्यात जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. पण चेहऱ्याच्या बाबतीत हा मार्ग महागात पडतो, कारण इसबावर जे मलम काही दिवस उपयोगी ठरते, तेच रोझेशिया वाढवते.

इसब म्हणजे काय?

इसब म्हणजेच एक्झिमा. यात त्वचेचा वरचा संरक्षक थर कमकुवत होतो, ओलावा टिकत नाही, आणि साबण, धूळ, घाम यांचा त्रास होऊन दाह होतो. हा आजार अनेकदा बालपणीच सुरू होतो. घरात कोणाला दमा किंवा सततच्या शिंका असतील तर शक्यता वाढते. साबण, सोडा, खते किंवा चिखल यांच्या सततच्या संपर्कानेही इसब होतो. भात लावणीच्या दिवसांत हातापायांवर तो जास्त दिसतो.

रोझेशिया म्हणजे काय?

हा चेहऱ्याच्या मध्यभागाचा जुनाट दाह आहे. तो साधारणपणे तिशीनंतर सुरू होतो. ऊन, चुलीची धग, गरम चहा, तिखट जेवण, दारू किंवा मनावरचा ताण यांनी चेहरा तापतो. सुरुवातीला लाली येते आणि जाते, पुढे ती टिकून राहते.

गोऱ्या त्वचेवर ही लाली चटकन दिसते. आपल्या सावळ्या त्वचेवर ती तपकिरी किंवा जांभळट वाटते, म्हणून निदान उशिरा होते. त्यामुळे रंगापेक्षा "चेहरा तापतो, आग होते, टोचते" ही तक्रार जास्त महत्त्वाची आहे.

फरक कसा ओळखाल?

- मुख्य त्रास : इसबात खाज, इतकी की रात्री झोप मोडते. रोझेशियात आग आणि गरमपणा, खाज कमी.
- जागा : इसब कोपराच्या व गुडघ्याच्या मागच्या घडीत, मानेवर, हातांवर, पापण्यांवर आणि तान्ह्या बाळाच्या गालांवर येतो. रोझेशिया नाक, गाल, हनुवटी आणि कपाळ यांवर येतो.
- त्वचा : इसबात कोरडी, खपल्यांची, कधी लस येणारी, खाजवून जाड व काळपट झालेली. रोझेशियात बारीक लाल वा पू असलेल्या पुटकुळ्या. मुरमांसारखे काळे ठिपके मात्र नसतात.
- डोळे : रोझेशियात डोळे चुरचुरतात, कोरडे व लाल होतात.

दोन्ही आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाहीत. टॉवेल किंवा भांडी वेगळी ठेवण्याची गरज नाही. काही जणांना दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून शंका असल्यास तपासून घ्या.

इसबाची काळजी

1. अंघोळ थोडक्यात, कोमट पाण्याने करा. थंडीत कढत पाण्याने बरे वाटते, पण त्वचा आणखी कोरडी पडते. कपड्यांचा साबण अंगाला लावू नका.
2. अंग टिपून घ्या, घासू नका. त्वचा ओलसर असतानाच व्हॅसलीनसारखे साधे, वास नसलेले मलम लावा. दिवसातून दोन-तीन वेळा, बरे वाटले तरीही. उन्हाळ्यात पाणीटंचाईमुळे अंघोळ रोज जमली नाही तरी हे चुकवू नका.
3. नखे कापलेली ठेवा. अंगाला लागून सुती कपडे घाला.
4. डॉक्टरांनी स्टेरॉइड मलम दिले तर सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवसच लावा. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत येणारे मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चेहऱ्यासाठी सौम्य मलम, तेही थोडेच दिवस.

रोझेशियाची काळजी

1. उन्हात जाताना टोपी, पदर किंवा उपरणे चेहऱ्यावर सावली धरेल असे घ्या. जमल्यास एसपीएफ 30 किंवा जास्तीचे सनस्क्रीन लावा. शेतात किंवा वीटभट्टीवर काम करणाऱ्यांनी मधूनमधून सावलीत थांबावे.
2. चुलीपासून चेहरा दूर ठेवा. चहा कोमट करून प्या. दारू टाळा.
3. कशाने चेहरा तापतो ते दोन-तीन आठवडे लक्षात ठेवा. प्रत्येकाचे कारण वेगळे असते. उगाच सगळे पथ्य नको.
4. चेहरा चोळू नका. लिंबू, टूथपेस्ट, गोरेपणाची क्रीम लावू नका.
5. उपचारात मेट्रोनिडाझोल, अॅझेलेइक अॅसिड किंवा आयव्हरमेक्टिन यांची मलमे आणि गरज पडल्यास डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्या देतात. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागू शकतात. गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर आधी सांगा.

स्टेरॉइड मलमाचा सापळा

ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन हे नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. खाज, गजकर्ण आणि गोरेपणासाठी विकल्या जाणाऱ्या अनेक मिश्र मलमांतही ते असते. पहिले काही दिवस चेहरा उजळतो, लाली बसते. मग मलम थांबवले की दुप्पट लाली, आग आणि पुटकुळ्या. म्हणून पुन्हा मलम. महिनोन्‌महिने असे चालले तर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, बायकांच्या चेहऱ्यावर लव वाढते, आणि रोझेशियासारखाच आजार जडतो. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तो याच कारणासाठी.

बरेच दिवस लावत असाल तर घाबरू नका, लपवूही नका. ट्यूब सोबत घेऊन डॉक्टरांकडे या. ते हळूहळू कसे थांबवायचे हे ठरवून देता येते.

केव्हा थांबू नये?

- इसबावर अचानक दुखणारे पाण्याचे फोड आणि ताप आला तर त्याच दिवशी.
- पू, सूज वाढली. डोळा दुखू लागला किंवा अंधूक दिसू लागले तर त्याच दिवशी.
- गालांवरच्या लालीसोबत सांधेदुखी, ताप, तोंडात फोड असतील तर.
- फिकट किंवा लालसर चट्टा आहे, खाज नाही आणि तिथे स्पर्श कळत नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि आजार पूर्ण बरा होतो.

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात करा. उपकेंद्रात ई-संजीवनीवरून तज्ज्ञांचा सल्ला मिळेल का, हेही विचारा. येताना चेहऱ्यावर काहीही लावू नका, आणि त्रास वाढलेल्या दिवशीचा मोबाइलवरचा फोटो दाखवा. लाली ये-जा करत असेल तर तपासणीच्या वेळी ती दिसेलच असे नाही.