बंबाचं पाणी

शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात सकाळी साडेपाचला पहिला आवाज व्हायचा तो ढलपी मोडल्याचा. आई न्हाणीच्या दाराशी उकिडवी बसून बंब पेटवत असे. जाळीवर कागदाचा बोळा, त्यावर शेंगांची मूठभर टरफलं, मग वरच्या नळीतून एकेक ढलपी. रॉकेलचा शिपका मारला असता तर दोन मिनिटांत काम झालं असतं, पण रॉकेल रेशनचं. ते स्टोला आणि कंदिलाला. बंबाच्या वाट्याला घरातलं जे जे टाकाऊ ते: करवंट्या, मक्याची बुरकुंडं, खोक्यांच्या फळ्या, माझ्या मागल्या इयत्तेच्या वह्या. पाठ न झालेल्या भूगोलानं मी कित्येकदा आंघोळ केली आहे.

ज्यांनी बंब फक्त हॉटेलांच्या दारात शोभेला ठेवलेला पाहिला, त्यांच्यासाठी थोडं सांगते. बंब म्हणजे तांब्याचा उभा पिंप आणि त्याच्या पोटातून आरपार गेलेली नळी. जाळ त्या नळीत, पाणी तिच्याभोवती. न्हाणीतल्या चुलीवर हंडा ठेवला की जाळ फक्त बुडाला लागतो, बाकीचा बाजूनं उठून जातो. बंबात तो जाता जाता चारी बाजूंनी पाणी तापवूनच बाहेर पडतो. त्यात तांबं लोखंडाच्या साधारण पाचपट उष्णता वाहून नेतं. तोटीतून जेवढं कढत पाणी काढाल तेवढं गार वरून ओतायचं, हा नियम. तो मोडून बंब कोरडा पडला की डाक वितळून सांधा सुटतो आणि मग तांबट आळीची वारी.

ही आळी कसब्यात. कोकणातून येऊन पेशव्यांच्या पुण्यात स्थिरावलेली ही तांबट मंडळी. आळी दिसायच्या आधी ऐकू यायची. पत्रा ठोकून ठोकून घट्ट करायचा आणि त्यावर हातोडीच्या ठशांची एकसारखी नक्षी उठवायची, याला मठारकाम म्हणतात. मला लहानपणी ती नक्षी नुसती शोभेची वाटायची. आमचा बंब दुरुस्तीला नेला तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं पाठीवर बोट फिरवून सांगितलं, "मठारलं की पत्रा कडक होतो, वहिनी. नाहीतर पातळ पत्र्याला दोन वर्षांत पोचे." म्हणजे तांबं कमी लागावं, किंमत आवाक्यात राहावी आणि वस्तू तीन पिढ्या टिकावी, हा सगळा हिशोब त्या ठशांत होता. त्यानं डाक लावला, आतून तपासलं आणि आईला एवढंच म्हणाला, "पाणी ओतायला विसरू नका." आई विसरली नव्हती. विसरले होते माझे वडील. पण ती काही बोलली नाही.

जळण यायचं वखारीतून. लाकूड परवडेनासं झालं तसा भुसा आला. भवानी पेठेतल्या लाकूडबाजारात करवती चालत, त्याचा भुसा पोत्यानं मिळे. त्याची शेगडी भरणं हे मात्र कसबाचं काम होतं. पत्र्याच्या डब्याला खाली भोक. मधोमध एक बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून एक दांडका आडवा घालायचा आणि सभोवार भुसा मुठीमुठीनं टाकून दाबायचा. ढिला राहिला तर ढासळतो, फार दाबला तर पेटत नाही. मग बाटली गोल फिरवत हळूच वर काढायची आणि दांडका ओढून घ्यायचा. उरतो तो भुशाचा बोगदा. खालून काडी लावली की तो आतल्या आत तीन-चार तास धुमसत राहतो. त्यावर डाळ शिजे, दूध तापे आणि उरलेल्या आचेवर भांडी घासायचं पाणी. हे सगळं स्वस्त होतं. पण शेगडी भरायला रोज रात्री अर्धा तास लागे आणि तो अर्धा तास आईचा होता. तिच्या नाकातला काळा भुसा मला आठवतो. जुन्या काटकसरीचं कौतुक करणारे लेख मी आवडीनं वाचते, पण त्यांत हा अर्धा तास बहुधा सापडत नाही.

आंघोळींचा क्रम ठरलेला. आधी वडील, कारण त्यांना ऑफिस. मग भाऊ, मग मी, मग आजी. सगळ्यांत शेवटी आई. तोवर ढलप्या संपलेल्या, निखारे राखेत गेलेले आणि गार पाणी ओतून ओतून बंबातलं पाणी जेमतेम कोमट. तिनं स्वतःसाठी पुन्हा जाळ घातल्याचं मी पाहिलं नाही. अपवाद फक्त नरकचतुर्दशीचा. आदल्या संध्याकाळी चिंचेनं घासून बंब लख्ख करायचा, हळदकुंकवाची बोटं ओढायची, गळ्यात झेंडूची माळ घालायची. त्या पहाटे जळणाचा हिशोब नसे.

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आम्ही पर्वतीकडे पळालो. परत आलो तेव्हा न्हाणीची भिंत अर्धी खचलेली आणि बंब आडवा पडलेला, नळीत गच्च गाळ. वखारीतलं लाकूड नदीनं नेलेलं. खडकवासल्याचं धरणही त्याच दिवशी गेल्यामुळे नळाला पाणी नव्हतं, म्हणजे तापवायला जळण नाही आणि तापवायचं तरी काय? वडील म्हणाले, हा आता मोडीत द्या. आईनं वेताच्या काठीनं तीन दिवस नळी उकरली. पहिलं जळण म्हणून तिनं आमच्याच माडीचा मोडका कठडा वापरला.

वीज वाड्यात होती, पण ती दिव्यापुरती. विजेवर पाणी तापवायचं म्हणजे उधळपट्टी, असा समज होता, आणि गंमत म्हणजे तो बरोबर होता. पंधरा लिटरची एक बादली 30 अंशांनी तापवायला जवळपास अर्धा युनिट वीज लागते. हे गणित महागड्या गीझरनंही बदलत नाही आणि स्वस्त रॉडनंही नाही, कारण पाणी तेवढंच आणि उष्णता तेवढीच. फरक पडतो तो तापवलेलं पाणी वापरण्याआधी किती निवतं यात. गीझरवर जे तारे छापलेले असतात, ते प्रामुख्यानं हेच सांगतात: टाकी भरून ठेवली तर ती किती उष्णता गमावते. दुकानदार मात्र तारे दाखवून "बिल निम्मं" म्हणतो. मी त्याला विचारते, "निम्मं कशाचं?" त्याला घाई असते.

1983 साली वाडा पाडायचं ठरलं. वडील आधीच गेले होते. भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं, आई आणि मी असे कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आलो. कोथरूडला तेव्हा संध्याकाळी कोल्हे ओरडतात असं नातेवाईक सांगत. मी काही ऐकले नाहीत. फ्लॅटच्या बाथरूमला धूर जायला जागा नव्हती. बंब गॅलरीत ठेवला तर सोसायटीचं पत्र आलं. शेवटी तांब्याची मोड घेणाऱ्याकडे तो वजनानं गेला आणि त्या पैशांत 25 लिटरच्या गीझरची बरीचशी किंमत निघाली. काट्यावर ठेवण्याआधी त्यानं हातोडीनं बंब चेपला. आई तोवर तिथून निघून गेली होती.

गीझरशी तिनं बंबासारखाच करार केला. 2 किलोवॅटचा गीझर 25 लिटर पाणी 30 अंशांनी वर न्यायला साधारण पंचवीस मिनिटं घेतो. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. लाल दिवा कधी विझतो ते तिनं घड्याळ लावून पाहिलं होतं. दिवा विझला की बटण बंद. मग एकामागोमाग एक आंघोळी, मध्ये कुणी पेपर वाचत बसायचं नाही, नाहीतर पाणी निवतं आणि पुन्हा तापवावं लागतं. वहिनीला सुरुवातीला हा जाच वाटला. मग एका हिवाळ्यात माहेरचे पाहुणे आले, गीझर दिवसभर चालू राहिला आणि त्या महिन्याचं बिल पाहून तिनंच बटणावर चिकटपट्टीनं कागद लावला: "बंद केलंत का?"

पाणी तापवण्याचं बिल ही गोष्टच मुळात नवी होती. पोतं रिकामं होताना दिसतं. मंगळवारी ढलप्या अर्ध्यावर आल्या की बुधवारपासून हात आखडतो. मीटर जिन्याखाली अंधारात फिरतो आणि जे झालं ते महिन्यानं कागदावर कळतं. त्यामुळे बिलाबद्दल समजुतीही फार. आमच्या मजल्यावरच्या काकांचं ठाम मत होतं, की 100 वर एक युनिट गेलं की सगळंच बिल वरच्या दरानं लागतं. तसं नाही. महावितरणच्या घरगुती दरात पहिली 100 युनिटं पहिल्याच दरानं धरतात, 101 पासूनची 300 पर्यंतची पुढच्या दरानं, मग 500 पर्यंत आणि त्याच्यावर. पण पायरी चांगली उंच आहे, हे काकांचं दुःख खरं होतं. म्हणजे वाचवलेलं युनिट वरच्या पायरीवरचं असतं, सगळ्यांत महागडं. रोजच्या चार बादल्या विजेवरून हलवल्या तर महिन्याला 60 युनिटं जातात, तीही त्याच पायरीवरची. मी बँकेत होते, ही वजाबाकी मला आवडली.

आणि नेमकं बँकेतच उत्तर आलं. 2005 च्या सुमारास केंद्र सरकारच्या योजनेतून पाणी तापवायच्या सौरयंत्राला घरगुती ग्राहकांना 2 टक्के व्याजानं कर्ज मिळू लागलं. अर्जांची चळत माझ्याच टेबलावर. अर्जदार विचारत, "मॅडम, खरंच चालतं का हो?" आणि मी घरी गीझर लावून येऊन छातीठोकपणे सांगे, चालतं. लाज वाटून 2007 मध्ये सोसायटीपुढे विषय मांडला. तीन सभा झाल्या. वरच्या मजल्याचं म्हणणं, गच्ची आमच्या डोक्यावर आहे, गळली तर आम्हाला. खालच्या मजल्याचं म्हणणं, पाणी आमच्यापर्यंत पोचेपर्यंत थंड. महापालिका मिळकतकरात 5 टक्के सूट देते, आणि सोबत पावसाचं पाणी जिरवण्याची किंवा गांडूळखताची सोय केली तर 10 टक्के, हे मी कागदासह वाचून दाखवलं तेव्हा ठराव पास झाला. पर्यावरणानं हललं नव्हतं ते मिळकतकरानं हललं.

काचेच्या नळ्या गच्चीवर चढल्या. दुहेरी काच, मध्ये निर्वात पोकळी: ऊन आत येतं, उष्णता बाहेर जात नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप टाकीत चढतं, पंप लागत नाही. कॉलनीतली जुनी माणसं त्याला सोलर बंब म्हणू लागली. पावसाळ्यात तो हात वर करतो आणि गीझर पुन्हा लागतो, पण उरलेले महिने बिलातून पाणी गेलं. पुढे दिव्यांची पाळी आली. 2015 नंतर एलईडी बल्ब 10 रुपये आधी आणि बाकी बिलातून हप्त्यानं मिळू लागले, तेव्हा सोसायटीत एकही सभा लागली नाही. आता साताऱ्याच्या भाच्यानं बंगल्यावर 3 किलोवॅटचे पॅनेल बसवलेत, 2024 च्या सूर्यघर योजनेतून 78,000 रुपये अनुदान मिळालं, आणि तो मला फोनवर रोजची युनिटं वाचून दाखवतो. मीटर जिन्याखालून खिशात आला आहे.

आमच्या सोलरमध्ये मात्र खोट राहिली. ज्यानं काम केलं त्यानं गच्चीपासून तळमजल्यापर्यंतच्या नळाला उष्णतारोधक वेष्टण घातलंच नाही, आणि आम्ही पैसे चुकते केल्यावर तो दिसला नाही. रात्रभर नळात उभं राहिलेलं पाणी सकाळी गार. आम्ही तळमजल्यावर. गरम पाणी येण्याआधी जवळपास बादलीभर गार पाणी सोडावं लागे.

पहिल्या दिवशी मी आईला म्हटलं, आता जळण नाही, बिल नाही, टाकीभर कढत पाणी आहे, आज पहिली आंघोळ तुझी. ती सत्त्याहत्तर वर्षांची होती. नको नको म्हणत गेली. वहिनीनं सांगितलं होतं, पहिली बादली गार येईल, ती ओतून द्या किंवा बाजूला ठेवा. बऱ्याच वेळानं दार उघडलं. आई पदरानं केस पुसत बाहेर आली आणि मुलांना म्हणाली, "जा आता. छान कढत यायला लागलंय." बाथरूममध्ये वाफेचं नाव नव्हतं. गार पाण्याची बादली रिकामी होती.