शिवेपर्यंतचा माग

राजगड-तोरण्याच्या छायेतले वेल्हे आणि नीरेकाठचे भोर हा संस्थानिक पंतसचिवांचा डोंगराळ मुलूख. येथे, देशावरील इतर गावांप्रमाणेच, चोरी झाली असता चोराचा माग काढण्याचे काम गावाच्या राखणदाराकडे, बहुधा रामोशाकडे, असे. त्या रखवालीची रीत पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने 1819 च्या अहवालात नोंदवली आहे. पावलांचा माग शिवेपर्यंत नेऊन पलीकडच्या राखणदाराची खात्री पटवली, की पहिल्या गावाची जबाबदारी संपे आणि ती दुसऱ्या गावाच्या गळ्यात पडे; त्याने माग पुढे चालवावा, नाहीतर नुकसान भरून द्यावे. इंग्रजी अमलात रामोशांचे हक्क गेले, आणि त्यांचा नायक उमाजी 15 डिसेंबर 1831 रोजी भोरजवळ उत्रोळीस पकडला गेला. तोही मागावरून नव्हे, फितुरीने.

या पद्धतीत अन्याय होता, कारण माग जेथे तुटे तेथील निरपराध गावालाही दंड बसू शके. तथापि पाऊल उमटण्यासाठी पाय तेथे यावाच लागे, आणि माग शिवेगणिक साक्षीदारांसमक्ष पुढे जाई. आजच्या तपासात माग म्हणून धरल्या जाणाऱ्या डीएनएच्या सूक्ष्म अंशाबाबत हा भरवसा उरत नाही. ऑस्ट्रेलियातील व्हॅन ऊर्शॉट आणि जोन्स यांनी 1997 मध्ये दाखवले, की केवळ हाताळलेल्या वस्तूवरूनही माणसाचा डीएनए मिळतो, आणि एकाचा अंश दुसऱ्याच्या हातावर जाऊ शकतो. मग ज्या वस्तूला आपण कधी शिवलोच नाही तिच्यावरही तो सापडावा, यात नवल नाही. कॅलिफोर्नियात 2012 मध्ये खून झालेल्याच्या नखांवर ज्याचा डीएनए आढळला, तो इसम त्या रात्री मद्यधुंद अवस्थेत रुग्णालयात होता. रुग्णवाहिकेच्या ज्या कर्मचाऱ्यांनी आधी त्याला हाताळले, तेच पुढे खुनाच्या जागी गेले होते. एवढे उलगडेपर्यंत त्याचे कित्येक महिने कोठडीत गेले.

सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, असे 1 जुलै 2024 पासून अमलात आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता सांगते. ते योग्यच आहे. परंतु तज्ज्ञ येण्यापूर्वी त्या जागी कोण शिरले, मुद्देमाल कोणाच्या हातून कोणाकडे गेला, हातमोजे केव्हा बदलले, हे पंचनाम्यात लिहिणे ठाण्यातील अंमलदाराचेच काम आहे. ते त्याने न चुकता लिहावे. आणि जेथे लिहिलेले नसेल, तेथे आरोपीच्या वकिलाने प्रयोगशाळेच्या अहवालाआधी त्याचीच मागणी करावी.