ग्रंथालयाची नवी मांडणी आणि पोथीची जागा

वैद्यकीय ग्रंथालयांची अंतर्रचना गेल्या अर्धशतकांत फार पालटली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयानें १९६४ सालीं वैद्यकविषयक लेखांची सूचि संगणकाच्या साह्यानें करण्यास आरंभ केला. १९९६ पासून ती 'पबमेड' या नांवानें घरबसल्या पाहावयास मिळूं लागली. नियतकालिकांचे बांधीव खंड मग फारसे कोणी उघडीना. कपाटें हटून त्या जागीं अभ्यासिका व चर्चेच्या खोल्या आल्या. छापील खंडाची एक प्रत काढली तरी दुसरी कोठें तरी असतेच. सबब या फेरबदलास आमचा आक्षेप नाहीं. मात्र हाच न्याय हस्तलिखितांस लावल्यास काय गमवावें लागेल, तें मावळांतील एका उदाहरणावरून दिसतें.

जगन्नाथ गणेश गुणे ऊर्फ स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनीं १९२४ सालीं लोणावळें येथें कैवल्यधाम स्थापिलें व त्याच वर्षीं 'योगमीमांसा' हें त्रैमासिक काढलें. एका अंगास योगक्रियांचें प्रयोगशाळेंतील परीक्षण, दुसऱ्या अंगास योगग्रंथांचें संशोधन, अशी तेथील दुहेरी योजना. १९७० सालीं स्वामी दिगंबरजी व पं. रघुनाथशास्त्री कोकजे यांनीं संपादिलेली 'हठप्रदीपिका' तेथूनच प्रसिद्ध झाली. स्वात्मारामाचा हा ग्रंथ चार उपदेशांचा म्हणून सर्वश्रुत आहे. या आवृत्तींत पांचवा उपदेश आहे, आणि त्याचा विषय चिकित्सा हा होय: अभ्यास चुकून वायु भलत्या मार्गास लागला असतां उद्भवणारे व्याधि व त्यांवरील उपाय. हा भाग मूळ ग्रंथकाराचा कीं मागाहून जोडलेला, हा वाद निराळा. आमच्या मतें तो जोडलेला ठरला तरी त्याचें मोल उणें होत नाहीं. कोणा साधकांस त्याची गरज भासली होती, एवढें तरी त्यावरून कळतेंच. 'हठप्रदीपिकेची आणखी एक नक्कल' असा शेरा मारून कोणी त्या पोथ्या निकालांत काढल्या असत्या, तर आरोग्यविषयक ग्रंथालयास जें प्रकरण सर्वांत अगत्याचें, तेंच हरपलें असतें. छापील ग्रंथाच्या दोन प्रती एक समजाव्या. पोथीच्या दोन नकला एक समजूं नयेत.

आतां जागेविषयीं. लोणावळ्यास वर्षाकाठीं ४००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हवेंतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५-७० टक्क्यांवर राहिली कीं कागदास बुरशी धरते. नव्या मांडणींतील मोठाल्या कांचा वाचकांस सुखावह खऱ्या, पण पोथीस उजेडही नको आणि ओलही नको. तिचीं कपाटें बाहेरच्या भिंतीस न टेकवितां वीतभर पुढें ठेवावीं व तळमजला टाळावा. दिवसां यंत्रानें हवा थंड करून रात्रीं यंत्र बंद ठेवण्याची रीत तर विशेष घातक. आर्द्रतेचा असा रोजचा चढउतार कागदास सोसत नाहीं. वेखंडाच्या पुरचुंड्या किडीपुरत्या ठीक. ओलीपुढें त्यांचें कांहीं चालत नाहीं.

याच मावळांत, याच पावसांत, कार्ल्याच्या चैत्यगृहांतील लांकडी कमानी सुमारें दोन हजार वर्षें टिकल्या आहेत. भाज्याच्या लांकडी फांसळ्यांवर तर ब्राह्मी अक्षरेंही सांपडलीं. माथ्यावर जाड कातळ आणि समोरून खेळता वारा, एवढ्याच सामग्रीवर हें साधलें. आमच्या शिल्पज्ञांनीं आराखडा काढण्यापूर्वी एकवार तेथवर चढून यावें.

छायाचित्रें घेतलीं म्हणजे पोथी अडगळींत टाकण्यास मोकळीक मिळते, असेंही कित्येकांस वाटतें. हरताळ फांसून खोडलेलें अक्षर कित्येकदां तिरप्या उजेडांतच लागतें, आणि कागदाचा पोत बोटांसच कळतो. म्हणून दुरुस्तीचें काम निघतांच पहिली गोष्ट ही करावी: प्रत्येक रुमालांतील पानें मोजून आंकडा टिपून ठेवावा आणि नव्या जागीं तींच पानें पुन्हां मोजावीं. हलवाहलवींत दोन पोथ्यांचीं सुटीं पानें एका रुमालांत बांधलीं गेलीं, तर तीं वेगळीं करण्यास पुढें वर्षें लागतात.