राखणीचा इतिहास

हळर्णचे नाव इतिहासग्रंथांत येते ते शापोरा नदीकाठच्या कोटामुळे. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो वाडीकर सावंत-भोसल्यांकडून जिंकला आणि त्याबद्दल त्याला ‘आलोर्नाचा मार्कीस’ हा किताब मिळाला. पेडणे महाल पोर्तुगिजांकडे कायमचा गेला तो १७८८ मध्ये. कोटाबाहेरच्या शेतकऱ्याची माकडांशी चालणारी झुंज मात्र राजवटी बदलल्या तरी थांबली नाही. तिची आठवण आपल्या घरांतूनच राहिली आहे.

आपल्याकडे काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाचे माकड असे दोघेही शेतात उतरतात. वानराच्या पोटाला कप्पे असल्याने तो पाल्यावरही निभावतो. माकडाच्या गालांत पिशव्या असतात. हाती लागेल ते त्यांत कोंबून तो झाडावर जातो आणि सावकाश खातो. राखणाऱ्याची पाठ वळली, तेवढा वेळ त्याला पुरतो. मारुतीवरील श्रद्धेमुळे त्याला ठार मारणे आपल्या लोकांना रुचले नाही. त्यामुळे मांगर, गोफण, डब्यांचा आवाज आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेजाऱ्यांची पाळीपाळीची राखण, हीच पिकाची संरक्षक फळी होती.

१९६१ च्या मुक्तीनंतर शाळा आणि नोकऱ्या आल्या, ते इष्टच झाले. पण राखणीची माणसे शेतातून गेली. त्याच काळात रानही तुटत गेले. डोंगरउतारांवर काजूच्या बागा वाढल्या, डिचोलीत खाणी पसरल्या, तिळारीचे कालवे आले, मोपाच्या पठारावर २०२३ साली विमानतळ सुरू झाला. रानाचे तुकडे झाले की त्याच्या कडा वाढतात आणि प्रत्येक कडेला कोणाची तरी बाग असते.

२०१६ साली गोव्याच्या कृषिमंत्र्यांनी माकडांसह काही प्राण्यांना ‘उपद्रवी’ ठरवण्याचा विचार बोलून दाखवला. त्याच वर्षी केंद्राने शिमल्यातील माकडांबाबत तसा आदेश काढला होता. परंतु ती जात निराळी. आपले लाल तोंडाचे माकड दक्षिण भारताबाहेर निसर्गतः कोठेच आढळत नाही, हे विसरून चालणार नाही.

आम्हांला वाटते, प्रश्न बंदुकीपेक्षा पडीक जमिनीचा अधिक आहे. आपल्यापैकी अनेकांच्या जमिनी गावी ओसाड आहेत आणि मध्येच एखादा शेजारी एकटा पीक घेतो. साऱ्या कळपाचा भार त्याच्यावर पडतो. तोही थकला की त्याची जमीनही पडीक होईल आणि मग विकली जाईल. ज्यांना स्वतः कसणे शक्य नाही, त्यांनी निदान राखणीच्या खर्चात आपला वाटा उचलावा. पूर्वजांनी जमिनीबरोबर ही जबाबदारीही आपल्या हाती दिली आहे.