नाव, नाते आणि निवारा : महाराष्ट्रातील अनाथ बालसंगोपनाचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

महाराष्ट्रातील समाजसुधारणेच्या इतिहासलेखनात अनाथ बालकांविषयीचे कार्य सहसा एका परिच्छेदात उरकले जाते. स्त्रीशिक्षण, विधवाविवाह, अस्पृश्यतानिवारण या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. अनाथाश्रमाचा उल्लेख मात्र त्या त्या सुधारकाच्या चरित्रातील एक सत्कृत्य एवढ्यापुरताच येतो. त्यामुळे एक महत्त्वाचा भेद दुर्लक्षित राहतो. मुलाला अन्न व छप्पर देणे आणि मुलाला घर देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट संस्था देऊ शकते. दुसरीसाठी नाव लागते, वारसा लागतो आणि वयाच्या अटीने न संपणारे नाते लागते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या गोष्टीचा १८६३ पासूनचा महाराष्ट्रातील प्रवास पाहावयाचा आहे.

'अनाथ' हा शब्दच येथे उद्बोधक आहे. नाथ म्हणजे स्वामी, रक्षणकर्ता. ज्याला तो नाही तो अनाथ. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेल्या अनाथ बालिकाश्रम मंडळीच्या नावातील 'अनाथ' हे विशेषण मुख्यतः बालविधवांना उद्देशून होते. पुण्यात १९०९ मध्ये स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहात तोच शब्द निराधार व गरीब विद्यार्थ्यांसाठी वापरला गेला. म्हणजे पती नसलेली मुलगी आणि पोटाला नसलेला विद्यार्थी हे दोघेही अनाथच. ज्या मुलाचे आईबाप कोण हेच ठाऊक नाही, त्याच्यासाठी मात्र भाषेत स्वतंत्र आणि सभ्य असा शब्द रूढ नव्हता. जे शब्द होते त्यांचा उपयोग शिवी म्हणूनच अधिक होई.

फुले यांचे घर

महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे आणि मूल सुखरूप ठेवून जावे, अशा आशयाच्या जाहिराती शहरात लावण्यात आल्या होत्या. या गृहाविषयीची सर्वांत बोलकी माहिती स्वतः जोतीरावांनीच दिली आहे. बेहरामजी मलबारी यांच्या बालविवाह व सक्तीचे वैधव्य या विषयांवरील टिपणांवर डिसेंबर १८८४ मध्ये त्यांनी जो अभिप्राय लिहिला, त्यात या गृहात आतापर्यंत ३५ विधवा बाळंत झाल्या, त्यांच्या मुलांपैकी ५ जगली व ३० दगावली, असे नमूद आहे. गर्भ लपविण्यासाठी मातांनी घेतलेली विषारी औषधे हे या मृत्यूंचे कारण असल्याचे ते सांगतात. हा आकडा गौरवपर लेखनात फारसा आढळत नाही. तो अपयशाचा वाटतो म्हणून असेल. परंतु या कार्याचे खरे स्वरूप त्याच्यावाचून कळत नाही. मूल दारात येण्यापूर्वीच समाजाने त्याचा निकाल बहुधा लावून टाकलेला असे.

जगलेल्यांपैकी यशवंत हा काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा. फुले दांपत्याने त्याला आपला मुलगा म्हणून वाढविले. येथे तत्कालीन दत्तकविधानाचा विचार करणे आवश्यक आहे. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक हा प्रामुख्याने पिंडदानाचा आणि वंशसातत्याचा विधी होता. मूल देण्याचा अधिकार फक्त पित्याला किंवा मातेला असे. सबब ज्याला देणारे कोणी नाही असे अनाथ मूल दत्तक जाऊच शकत नसे. शिवाय दत्तक सजातीय असावा लागे. ज्याला घराची सर्वांत अधिक गरज, त्यालाच घराचा दरवाजा बंद, असा हा विपरीत न्याय होता. ब्राह्मण विधवेचे मूल माळ्याच्या घरी दत्तक, ही गोष्ट शास्त्राच्या कसोटीवर टिकणे कठीण होते.

या पार्श्वभूमीवर जोतीरावांनी १८८७ मध्ये केलेल्या व नोंदविलेल्या मृत्युपत्राचे महत्त्व ध्यानात येते. सावित्रीबाईंनी यशवंताला जन्मापासून पोटच्या मुलाप्रमाणे वाढविल्याचे त्यात सांगून त्याला वारस नेमले आहे. शास्त्र जे नाते मान्य करणार नव्हते, त्याला ब्रिटिश नोंदणी कचेरीच्या शिक्क्याचा आधार मिळवून देण्याचाच हा प्रयत्न दिसतो. तथापि याच मृत्युपत्रात एक अट आहे. यशवंत नालायक निघाल्यास मिळकत माळी, कुणबी, धनगर आदी शूद्र समाजातील एखाद्या हुशार मुलास द्यावी, असे जोतीराव लिहितात. समाजकार्यासाठी वारस हवा ही त्यांची भूमिका समजण्यासारखी आहे; पण पोटच्या मुलाच्या वारसाहक्काला अशी परीक्षा सहसा द्यावी लागत नाही, हेही खरे. एवढ्या उदार घरातही पाळलेल्या मुलाचे स्थान पूर्णपणे निःशंक नव्हते.

ते किती डळमळीत होते, हे २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांच्या निधनानंतर उघड झाले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावयाचे यावरून भाऊबंदांनी यशवंताच्या अधिकाराला हरकत घेतली. टिटवे धरणारा तो वारस, हा लोकसमज त्यामागे होता. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः टिटवे धरले, असा वृत्तांत चरित्रकारांनी दिला आहे. एका स्त्रीने अंत्यविधीत केलेले क्रांतिकारक कृत्य म्हणून हा प्रसंग वारंवार सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याच्यामुळे हा वाद उद्भवला तो सोळा-सतरा वर्षांचा मुलगा या कथनात बाजूलाच राहतो. वाढविले, शिकविले, १८८९ मध्ये त्याचे लग्नही करून दिले. तरी स्मशानाच्या वाटेवर त्याला 'तू कोण?' असे विचारता येत होते. पुढे यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ रुग्णांच्या शुश्रूषेत तो आईच्या बरोबर होता, आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले.

आश्रमांचा कालखंड

फुले यांच्या घरातील प्रयोगाचे अनुकरण घर म्हणून झाले नाही. संस्था म्हणून झाले. १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने पंढरपूर येथे प्रार्थना समाजाचे बालहत्या प्रतिबंधक गृह व अनाथाश्रम निघाले. वारीच्या गावी मुले टाकून दिली जात, ही त्यामागील कठोर वस्तुस्थिती होती. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम चालविला. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व स्त्रियांना आणून केडगाव येथे आश्रय दिला. दुष्काळातील संख्याच एवढी प्रचंड असे की शिस्त, घंटा, पंगत आणि उद्योगशिक्षण हीच संगोपनाची साधने ठरत. त्यावर आज टीका करणे सोपे आहे.

याच काळात एक जुनी देशी पद्धतही चालू होती. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत: सात दिवस, सात घरे. काहींना माधुकरी मागावी लागे. मुलाला संस्थेत न कोंडता समाजातील अनेक घरांनी वाटून सांभाळावे, अशी ही व्यवस्था वरकरणी मोठी सुंदर दिसते. मात्र ती बहुतांशी ब्राह्मण मुलांपुरती मर्यादित होती. आणि सात घरी पान मांडले जात असले तरी सातांपैकी एकही घर त्या मुलाचे नव्हते.

वहिनी आणि माई

घर आणि संस्था यांच्यामधली वाट ज्यांनी शोधली, त्यांच्या संदर्भात नात्याची संबोधने लक्षणीय आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या मुलांच्या 'वहिनी' होत्या. मुलांच्या जेवणासाठी त्यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. ही मुले सर्वच अनाथ नव्हती. पण एका छपराखाली, एका पंगतीत, एका स्त्रीच्या देखरेखीखाली भिन्न जातींची भावंडे वाढू शकतात, हे तेथे सिद्ध झाले.

सिंधुताई सपकाळ यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. इतर मुलांशी दुजाभाव होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःची मुलगी पुण्यातील एका न्यासाकडे सांभाळावयास दिली. पोटच्या मुलाप्रमाणे परक्याला वाढविणे हा सावित्रीबाईंचा मार्ग. परक्यांना आपले करण्यासाठी पोटच्या मुलीला दूर ठेवणे हा सिंधुताईंचा. यातून त्या मुलीवर काय गुदरले असेल, हा प्रश्न त्यांच्या सत्कारांच्या भाषणांत क्वचितच विचारला गेला. ४ जानेवारी २०२२ रोजी सिंधुताईंचे निधन झाले. ज्यांची त्या 'माई' होत्या, त्या मुलांची लग्ने, नातवंडे हा त्यांच्या कुटुंबाचा विस्तार होता.

ऑस्ट्रियातील इम्स्ट येथे १९४९ मध्ये आरंभ झालेल्या एसओएस बालग्राम चळवळीने हीच कल्पना नियमबद्ध केली: एक पगारी माता, लहानमोठी भावंडे, स्वतंत्र घर आणि अशा घरांचे गाव. महाराष्ट्रात पुणे येथे आणि १९९३ च्या भूकंपानंतर लातूर येथे अशी बालग्रामे झाली. या रचनेत घराचा अनुभव निश्चित मिळतो. मात्र माता ही कर्मचारी असल्याने तिला निवृत्तीचे वय असते.

कायद्याची मंद गती

कायदा या सर्वांच्या फार मागून आला. मुंबईचा १९२४ चा बालक अधिनियम मुलाला संस्थेत पाठविण्याबरोबरच नातेवाइकाच्या किंवा अन्य योग्य व्यक्तीच्या स्वाधीन करण्याची मुभा देत होता. ते पालकत्व होते, अपत्यत्व नव्हे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने सजातीयतेची अट काढली व मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. आईबाप कोण हे ठाऊक नसलेल्या मुलाला न्यायालयाच्या परवानगीने पालकाकरवी दत्तक देण्याची स्पष्ट तरतूद १९६२ च्या दुरुस्तीने झाली. फुले यांच्या गृहाच्या स्थापनेनंतर ९९ वर्षांनी!

हीदेखील फक्त हिंदूंपुरती. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी दांपत्यांना १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली केवळ पालक होता येई. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मधील एका निर्णयात टाकून दिलेल्या मुलाचा जगण्याचा हक्क हा मुद्दा केंद्रस्थानी आणून ख्रिस्ती दांपत्याला दत्तक घेण्याचा अधिकार मान्य केला. दत्तकाचा विचार पित्याच्या पारलौकिक गरजेऐवजी मुलाच्या ऐहिक गरजेवरून करणारा हा निर्णय अधिक परिचित व्हावयास हवा. २००० च्या बाल न्याय अधिनियमाने दत्तक, प्रतिपालन व पुरस्कर्तृत्व यांना स्थान दिले आणि सर्व धर्मीयांना त्याखाली दत्तक घेण्याचा मार्ग खुला झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. २०१५ च्या अधिनियमाने संस्था हा अखेरचा पर्याय मानला आहे. मुलाला संस्थेऐवजी कुटुंबात ठेवण्यासाठी अर्थसाहाय्य देणाऱ्या महाराष्ट्र शासनाच्या बालसंगोपन योजनेला आता सावित्रीबाईंचे नाव आहे.

ज्यांना दत्तक घेतले गेले नाही, त्यांचे अठरावे वर्ष मात्र अजूनही संस्थेच्या दारातून बाहेर पडण्याचे वर्ष असते. अनुरक्षणगृहाची तरतूद २१ वर्षांपर्यंत आहे. ती सर्वांपर्यंत पोहोचत नाही. बाहेर पडल्यावर प्रत्येक अर्जावर वडिलांचे नाव आणि जात हे रकाने त्यांच्यासमोर येतात. जातीचा दाखला नसल्याने कोणत्याच प्रवर्गात न बसणाऱ्या या तरुणांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये शिक्षण व नोकरीत १ टक्का आरक्षण दिले. त्यासाठी आईबाप आणि जात यांची माहिती उपलब्ध नाही असे प्रमाणित करणारे 'अनाथ प्रमाणपत्र' तेव्हा सादर करावे लागे.