मंगळवासी आणि टास्मानियाचे लोक

एच. जी. वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही कादंबरी 1897 साली इंग्लंडमधल्या एका मासिकात क्रमशः आली. मंगळावरचे प्राणी इंग्लंडवर चालून येतात, उष्णताकिरणांनी गावे जाळतात, माणसांचे रक्त शोषतात. शाळेत असताना आम्ही ती वाचली ती या किरणांसाठी आणि तीन पायांच्या अजस्र यंत्रांसाठी. पहिल्याच प्रकरणातला टास्मानियाचा उल्लेख मात्र आमच्या नजरेतून निसटला. मंगळवासीयांना दोष देण्याआधी आपण टास्मानियात काय केले ते आठवा, असे वेल्स तिथे आपल्या वाचकांना सुनावतात.

काय केले होते? ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील या बेटावर ब्रिटिशांनी 1803 साली वसाहत केली. मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमिनी बळकावल्या. मूळ रहिवाशांनी प्रतिकार केला, तेव्हा त्यांच्या कत्तली झाल्या. उरलेल्यांना फ्लिंडर्स बेटावर नेऊन ठेवले. तिथे बहुतेक जण रोगांनी दगावले. 1847 साली त्यांना परत आणले, तेव्हा फक्त 47 जण शिल्लक होते. वेल्स यांच्या गोष्टीत जंतू आक्रमकांना मारतात. इथे नेमके उलटे घडले.

या प्रकरणात विज्ञानाचे हातही स्वच्छ नाहीत. त्रुगानिनी ही टास्मानियन स्त्री 1876 साली वारली. मृत्यूनंतर आपल्या देहाची विटंबना होऊ नये, अशी तिची विनवणी होती. दोनच वर्षांनी तिथल्या रॉयल सोसायटीने तिचा सांगाडा उकरून काढला. पुढे तो होबार्टच्या संग्रहालयात मांडला गेला आणि 1947 पर्यंत लोक तो पाहत होते. तिची रक्षा समुद्रात सोडली गेली ती 1976 साली.

वेल्स स्वतः हक्सले यांच्याकडे जीवशास्त्र शिकले होते. आपल्या साम्राज्याचा अन्याय त्यांना दिसला. पण टास्मानियाचे लोक हीन दर्जाचे होते आणि ते समूळ नष्ट झाले, ही त्या काळच्या शास्त्रज्ञांची दोन्ही मते त्यांनी न तपासता स्वीकारली. दोन्ही चुकीची आहेत. त्या लोकांचे वंशज आजही टास्मानियात राहतात. ‘नष्ट झाले’ म्हटले की जमीन कोणाला परत करायची, हा प्रश्नच मिटतो. 1995 च्या कायद्याने काही जमिनी त्यांना परत मिळाल्या, पण त्यासाठी आधी ‘आम्ही आहोत’ हेच त्यांना पटवून द्यावे लागले.

ही कादंबरी वर्गात जरूर सांगावी. सांगून झाल्यावर मुलांना एवढेच विचारावे: हीच गोष्ट टास्मानियातल्या एखाद्या मुलीने लिहिली असती, तर तिने सुरुवात कुठून केली असती?