काळ्या-पांढऱ्या काचेवरचा तांबडा थर

‘बेसाल्ट हा काळा खडक आहे’ हे वाक्य आपण भूगोलाच्या तासाला सहज सांगतो. पण खानदेशच्या दक्षिणेकडील सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगरात घाटरस्त्याची ताजी कड पाहिली, तर तिथे राखाडी, जांभळट, हिरवट अशा छटा दिसतात आणि काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये विटेसारखा तांबडा पट्टा असतो. हा पट्टा महत्त्वाचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरांवर थर साचले. एक थर थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत बराच काळ गेला, तर वरच्या पृष्ठभागाची माती होई. पुढच्या लाव्हाखाली ती भाजून निघे. म्हणजे तांबडा पट्टा ही दोन उद्रेकांमधल्या विश्रांतीची खूण आहे.

ही खूण जुन्या छायाचित्रात दिसेल का? या प्रश्नामागे खडकांच्या छायाचित्रणाचा बराचसा इतिहास दडलेला आहे.

जळगावपासून साधारण ६० किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम १८४४ साली मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांच्याकडे आले. त्यांनी वर्षानुवर्षे खपून रंगवलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. सुदैवाने गिल यांनी मध्यंतरी कॅमेराही हाती घेतला होता. त्यांच्या जोडछायाचित्रांची पुस्तके जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. त्यांतल्या एकात वास्तूंबरोबर निसर्गाचीही चित्रे आहेत. गिल १८७९ साली वारले. त्यांची कबर भुसावळला आहे.

जोडछायाचित्र म्हणजे आपल्या दोन डोळ्यांइतक्या अंतरावरून घेतलेली एकाच दृश्याची दोन चित्रे. विशिष्ट भिंगांतून पाहिली की कडा पुढे येतो, दरी मागे जाते. खडकाचा आकार दाखवायला ही युक्ती उत्तम होती. पण रंगाचे काय?

त्या काळी छायाचित्रासाठी वापरली जाणारी चांदीची संयुगे निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशालाच दाद देत. तांबडा प्रकाश त्यांच्या लेखी अंधारच. त्यामुळे निळे आकाश पांढरेफेक उमटे आणि तांबडी माती काळी. काळा बेसाल्ट आणि त्यावरचा तांबडा थर अशा काचेवर जवळजवळ एकरूप होत. छायाचित्र खोटे बोलत नव्हते, पण त्याला जे दिसतच नव्हते ते सांगणार कसे? १८७३ मध्ये हेर्मान फोगेल यांनी काचेवरच्या लेपात रंगद्रव्य मिसळून तिची नजर हिरव्या रंगापर्यंत वाढवली. तांबड्यासह सर्व रंगांना दाद देणाऱ्या काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या. ल्युमिएर बंधूंच्या रंगीत काचा १९०७ च्या, तर कोडॅक्रोम फिल्म १९३५ ची.

मग तोपर्यंत भूशास्त्रज्ञ रंग कसे नोंदवत? शब्दांनी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी तापी आणि खालच्या नर्मदा खोऱ्याची पाहणी केली. त्यांचा अहवाल १८६९ चा. कोणता थर कुठे, कसा आणि कोणत्या रंगाचा हे त्या काळच्या संशोधकाला लिहूनच सांगावे लागे.

याचा अर्थ रंगीत चित्र नेहमीच सरस, असा मात्र नाही. धुळे-नंदुरबार भागात जमिनीतून भिंतीसारख्या वर आलेल्या लांबच लांब टेकड्या आहेत. जुन्या खडकाच्या भेगांत शिलारस घुसून थिजला, भोवतीचा खडक झिजला आणि या ‘भित्ती’ उघड्या पडल्या. भित्ती दोन्ही बाजूंनी थंड होत गेल्यामुळे तिच्यातले स्तंभ बहुधा आडवे असतात, लाकडाची मोळी रचून ठेवल्यासारखे. सपाट पसरलेल्या लाव्हाच्या थरात मात्र ते उभे असतात. हा फरक आकाराचा आहे, रंगाचा नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात घेतलेल्या कृष्णधवल चित्रात तो जास्त ठसठशीत दिसतो. झाडोऱ्याचे आणि डागांचे रंग तिथे लक्ष विचलित करत नाहीत.

पुढे कॅमेरा आकाशात गेला. विमानातून घेतलेली हवाई छायाचित्रे भूशास्त्रज्ञ जोडीनेच पाहतात. गिल यांची युक्तीच ती! १९७२ पासून लँडसॅट आणि १९८८ पासून आपले आयआरएस उपग्रह वरून पाहू लागले. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ व सहकारी यांनी उपग्रहचित्रे आणि प्रत्यक्ष पाहणी यांची सांगड घालून या भागातील दोनशेहून अधिक भित्तींचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. सर्वांत लांब भित्त सुमारे ७९ किलोमीटरची आहे! एवढी लांबी जमिनीवरच्या कोणत्याच चित्रात मावणार नाही. मात्र अशा उपग्रहचित्रांतले रंगही बहुधा मानलेले असतात. अवरक्त प्रकाश तांबडा दाखवला की हिरवे शेत लालभडक दिसते.

थोडक्यात, छायाचित्र हा पुरावा आहे, पण तो घेणाऱ्या साधनाला काय दिसते आणि काय दिसत नाही हे ठाऊक असेल तरच.

वर्गात हे पडताळणे सोपे आहे. विटेचा तुकडा आणि काळा दगड शेजारी ठेवा. मोबाईलच्या भिंगापुढे गडद निळ्या जिलेटिन कागदाच्या दोन घड्या धरून कृष्णधवल चित्र घ्या. मग कागद काढून रंगीत घ्या. दोन्ही चित्रांत विटेचे काय झाले ते मुलांनाच सांगू द्या. नंतर गावाजवळच्या एखाद्या खडकाचे सकाळी आणि भरदुपारी चित्र काढा. शेजारी पट्टी ठेवायला विसरू नका, नाहीतर कडा आणि खडा यांत फरक कळणार नाही. चित्रामागे ठिकाण, तारीख, वेळ आणि दिशा लिहा, आणि ब्लॅनफर्डसारखा रंगही शब्दांत लिहा.

हा नुसता खेळ नाही. भित्तींचा कठीण दगड खडीसाठी फोडला जातो. टेकडी एकदा गेली की परत येत नाही. गिल यांची रंगवलेली चित्रे जळाली, छायाचित्रे मात्र उरली. तुमच्या गावची टेकडी उद्या नसेल, तर तिच्याबद्दल काही सांगू शकेल असे एक नीट नोंदलेले चित्र शाळेच्या कपाटात असायला हवे.